यष्टीची पाळी

आम्ही वाडी सोडली त्या सकाळी दारात टेंपो उभा होता. नवऱ्याचा मित्र तूर घेऊन लातूरला निघाला होता आणि पोत्यांवर आमचा संसारही नेणार होता. पुढच्या सीटवर मी, मांडीवर लेक, असा थाट मी मनात कधीचा मांडून ठेवला होता. तेवढ्यात सासूबाई टेंपोला आडव्या येऊन उभ्या राहिल्या. आता रडतील म्हणून मीही पदर तयार ठेवला.

त्या म्हणाल्या, "जायचं तर जावा. पण यष्टीनं जावा. आज आपली पाळी हाय."

आमची वाडी म्हणजे मुखेड तालुक्यातल्या माळावरची मूठभर घरं. मुखेडहून निघालेला डांबरी रस्ता आमच्याकडे येता येता कंटाळतो आणि शेवटी नुसती खडी उरते. फाट्यावरच्या पाटीवर पुढच्या मोठ्या गावाचं नाव आहे, आमचं नाही. आम्ही जगात आहोत याची एकच खूण, सकाळी आणि दुपारी येऊन बाभळीला वळसा घालून परत जाणारी यष्टी. ती रिकामी गेली तर एक दिवस यायचीच थांबेल, या धास्तीनं वाडीनं पाळी लावलेली. ज्या घरची पाळी, त्या घरचं एक तरी माणूस गाडीत बसणार, काम असो वा नसो. मुखेडला उतरायचं, बाजारात चहा प्यायचा, दुपारच्या गाडीनं परत यायचं. लोक देवळात पाळीनं दिवा लावतात, आम्ही यष्टीत पाळीनं माणूस बसवतो. मुखेडच्या आमच्या एका मामांकडे घरचे लोक इतक्यांदा 'सहज' गेले की मामांनी पुढच्या दाराला कुलूप घालून मागच्या दारानं आत जाऊन बसायला सुरुवात केली.

तर टेंपो गेला, तुरीसकट. आमची ट्रंक, पाटा-वरवंटा आणि पत्र्याची कोठी यष्टीच्या टपावर चढली. सगळी वाडी निरोपाला जमली. मी खिडकीत बसून डोळे पुसतेय आणि खाली म्हातारी मंडळी कंडक्टरच्या हाताकडे बघतायत, तिकीट फाटतंय का म्हणून. आमच्यासाठी कोण रडलं आणि तिकिटासाठी कोण हसलं, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

लातुरात नवरा डाळ मिलवर लागला आणि मी क्लासच्या पोरापोरींसाठी मेस काढली. वाडीत हाक मारली की पलीकडच्या शेतातून ओ यायची. इथे वरच्या मजल्यावरचं पोरगं भाजीत मीठ जास्त पडल्याचं मोबाइलवर मेसेज करून कळवतं. तिथे दिवस उन्हावरून कळायचा, इथे बॅच सुटल्यावर कळतो. मला हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू? ज्वारीच्या भाकरीला नाक मुरडणारी पोरं टेस्ट जवळ आली की "काकू, एक भाकरी वाढा ना" म्हणतात, तेव्हा मी राणीसारखी वाढते.

पाळी मात्र सुटली नाही; जमेल तेव्हा मी लातूरहून जाऊन बसते, एरवी सासूबाई. सासूबाई लातूरला राहायला येत नाहीत. फोनवर तब्येत विचारली की सांगतात, "बुधवारी आपली पाळी हाय." पंच्याहत्तरी उलटल्यापासून त्यांना यष्टीत पैसे पडत नाहीत. फुकट बसणाऱ्याची पाळी धरायची का, यावर वाडीत मोठा वाद झाला. शून्याचं का होईना, मशीनमधून तिकीट निघतं, म्हणून धरली.

गेल्या हिवाळ्यात फोनवर त्यांचा आवाज पडलेला होता. आता घरोघरी मोटारसायकली, यष्टीत बसायला उरली म्हातारी माणसं. एक साहेब गाडीतली गर्दी बघायला येणार आणि फेरी ठेवायची की नाही ते ठरवणार होते. सासूबाई कुणाच्या मोटारसायकलवर बसत नाहीत. म्हणाल्या, "गाडी बंद झाली तर म्या हितंच कोंडले."

मी मेसमध्ये जाहीर केलं, दोन दिवस सुट्टी आहे, हुरडा खायला कोण येतं? अख्खी मेस उठली. पहाटे लातूर सोडलं आणि मुखेडला दुपारची गाडी पकडली. सकाळच्या गाडीनं आलेल्या सासूबाई आधीच आत बसलेल्या आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर नेमके साहेब. पोरं दारापर्यंत खच्चून भरली. साहेबांनी विचारलं, आजी, ही कुणाची एवढी माणसं?

"माझी नातवंडं."

साहेबांनी मान वळवून सगळ्यांकडे नीट बघून घेतलं. "सगळी एकाच वयाची?"

"कोरडवाहू हाय, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "पेरा एकदाच व्हतो."

कंडक्टर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला. साहेब हसले, गाडी हसली. बाभळीपाशी उतरल्यावर त्यांना आगटीवर भाजलेला गरम हुरडा दिला, तीळकुटासोबत. गाडीत चढताना म्हणाले, सध्या चालू राहू द्या. नातवंडांच्या वयाबद्दल पुन्हा विचारलं नाही.

गाडी वळून गेल्यावर आगटीभोवती सगळे खुशीत बसले. केरबाअण्णा, माझे चुलत सासरे, खाकरून म्हणाले, "सूनबाई, लातूरहून येता, लई तरास व्हतो. हितनं पुढं तुमच्या घरची पाळी माफ."

माना डोलल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडातला हुरडा मात्र तसाच राहिला.

सासूबाई तळहातावर कणीस चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, माफी पाहुण्याला असती. ही काय पाहुणी हाय?"

अण्णांनी स्वतःचाच कान धरला. मी हुरडा गिळला आणि आणखी मागून घेतला.

वाडीवर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे ट्रंक घेऊन निघालेल्यांनो, लातुरात माझं दार आहे, दारावर नावाची पाटी आहे, आणि मी तिथे सुखात आहे. पण येत्या बुधवारी आमची पाळी आहे. मेसमध्ये त्या दिवशी फक्त खिचडी मिळेल, पोरांना सांगून ठेवलंय. वाडीवर मला काडीचंही काम नाही. म्हणून तर जायचंय.