ठकुआत्यांची मागची भिंत

नसरापुरात गावाच्या कडेला आमचं घर, आणि त्यापुढच्या रानात ठकुआत्यांचं. त्या पासलीच्या, म्हणजे पार वेल्ह्याच्या डोंगरातल्या, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवायच्याच. नवरा ज्ञानू इथल्या भाताच्या गिरणीत कामाला लागला, म्हणून दोघं खाली आली. गावाबाहेर काळ्या रानात जागा मिळाली. त्या रानात कुणी घर का बांधत नाही, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते, नाहीतर मीच सांगितलं असतं. दगडाचं जोतं, कच्च्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. घर होऊन वर्षही झालं नाही, तोच ज्ञानू तापानं गेला.

मूलबाळ नव्हतं. दीर सोनबा दर दिवाळीला पासलीहून यायचे आणि म्हणायचे, "वैनी, चला वर. खोली रिकामी हाय."

"हितं माजं घर हाय की," ठकुआत्या म्हणायच्या.

सोनबा माणूस वाईट नव्हते. पण वर जाऊन जावेच्या हाताखाली राहायचं, चुलीला हात लावायचा तरी विचारायचं, हे आत्यांना नको होतं. इथं त्या आपल्या मनानं भाकरी थापत आणि आपल्या मनानं झोपत. घर पडलं तर मात्र वर जाण्यावाचून इलाज नव्हता.

आणि घर पडायलाच आलं होतं. मागच्या कोपऱ्यात भिंतीला चीर गेली होती. आधी नखाएवढी, मग बोट शिरेल एवढी. उन्हाळ्यात आत्या ती शेणमातीनं बुजवायच्या, पावसाळ्यात ती पुन्हा उघडायची.

याला कारण आत्याच होत्या. दर वर्षी मिरगाच्या आधी कुदळ घेऊन त्या घरामागं चर खणायच्या, अगदी जोत्याला चिकटून. पासलीला तसंच करतात. डोंगरावरून येणारं पाणी चरीत अडतं आणि उतारानं निघून जातं. तिथली माती तांबडी, मुरमाड, पाणी धरून ठेवत नाही. इथं सपाट काळं रान. चरीत आलेलं पाणी दसऱ्यापर्यंत तिथंच बसायचं, जोत्याखालची माती फुगायची आणि कोपरा वर उचलायची. चीर वाढली की आत्या पुढच्या वर्षी चर आणखी खोल करायच्या. मी काही बोलले की म्हणायच्या, "तुमी खालच्या लोकांनी पाऊस बगितलाय कुठं!" माझं डोकं फिरायचं. मग मी बोलणंच सोडलं.

एका पावसाळ्यात त्या पडवीत बसून पाऊस बघत होत्या. पुढचं अंगण भात झोडायला म्हणून मुरूम टाकून चोपलेलं होतं, उतार रस्त्याकडे. तिथलं पाणी पडलं तसं वाहून जात होतं. आत्या उठल्या, भिजत मागं गेल्या, परत आल्या आणि मला हाक मारली.

"अगं, पुढं चर न्हाई आन् चीरबी न्हाई."

मी कपाळावर हात मारला.

पाऊस उघडल्यावर त्यांनी चर बुजवली. सातारा रस्त्याच्या कडेच्या टेकाडावरून पाटी पाटी मुरूम डोक्यावर वाहून आणला. लाकडी चोपण्यानं ठोकून भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार केला. पाण्याची वाट घरापासून लांब काढली, थेट ओढ्यापर्यंत. न्हाणीचं पाणीही त्याच वाटेला लावलं. त्या पाण्यावर भिंतीलगत अळू माजलं होतं, ते उपटावं लागलं, तेव्हा मात्र आत्या रडल्या. अळू ज्ञानूनं लावलेलं होतं. मी आणि माझी सासू हातभार लावत होतो, पण खरं ओझं त्यांनीच उचललं. त्या कामात त्यांची कंबर जी धरली ती कायमची.

पण भिंत थांबली. लागोपाठ दोन पावसाळे चीर जिथल्या तिथं राहिली. आता ही बाई जरा टेकेल, असं मला वाटलं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. काळं रान उलून भेगाळलं, भेगा जोत्यापर्यंत आल्या. फुगणारी माती आता आक्रसायला लागली आणि कोपरा खाली बसायला लागला. बुजवलेली चीर पुन्हा उघडली. आत्या दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, तिथून येऊन विहिरीवर नंबर लावायच्या. भांडी घासलेलं, तोंड धुतलेलं पाणी बादलीत साठवायच्या आणि संध्याकाळी वाकून वाकून जोत्याभोवती शिंपायच्या, चारी बाजूंना सारखं.

"आत्या, माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी मातीला पाजताय?" मी ओरडले.

"हिला लईबी चालत न्हाई गं, आन् कमीबी चालत न्हाई," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कोपऱ्याकडे सरकल्या.

उन्हाळा तोंडावर आला तरी त्यांचं शिंपणं चालूच होतं. चीर वाढायची थांबली. त्या वेळी सोनबा दिवाळीची वाट न बघता आले. "वैनी, वर झऱ्याला अजून पानी हाय. चला."

मी दारातच होते. आत्यांचं नेहमीचं उत्तर मला पाठ होतं. त्या पायरीवर बसल्या, पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "चला."

मला रागच आला. "आवो आत्या, भित बरी हाय की! चीर थांबली की!"

"व्हय. भितीला काय झालं न्हाई. माज्याच्यानं आता व्हत न्हाई."

वेल्ह्याच्या एसटीत त्यांना बसवायला मी गेले. खिडकीतून किल्ली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "पावसाच्या आदी पान्याची वाट मोकळी कर."

"म्या काय रिकामी बसलीया व्हय?" मी म्हणाले, आणि गाडी हलल्यावर स्टँडवरच तोंडाला पदर लावून रडले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, पण त्या आल्या नाहीत. सोनबा एकदा बाजाराला आले, तेव्हा कळलं की त्यांना आता अंथरुणावरून उठवून बसवावं लागतं. पाण्याची वाट मी दर वर्षी मोकळी करते. भिंत सरळ उभी आहे, आणि जिनं आत्यांना वाकवलं त्या भिंतीकडे बघितलं की मला तिचाच राग येतो.