ब्याण्णव ग्रॅमचं पातं

सौदीत धाहरानला आमच्या शेजारी राजाभाऊ राहतात. नाशिकचे इंजिनीअर आणि मॉडेल जेटचं वेड. खऱ्यासारखं उडणारं दीड मीटरचं विमान घरी बनवतात. वाळवंटातल्या क्लबात त्यांच्या विमानांच्या शेपटीचं भारी नाव. शेपटी मजबूत हवी, पण हलकी; मागे एक ग्रॅम वाढला की तोलासाठी नाकात तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. राजाभाऊंची शेपटी कधी जड झाली नाही. लोक वाहवा करत आणि हे खुशाल ऐकून घेत. मला त्याचा संताप यायचा, कारण ती शेपटी त्यांच्या पत्नी अनुराधाताई करत.

मी डोळ्यांनी पाहिलंय. आराखडा राजाभाऊंचा: फोमचा गाभा, आत कार्बनची पट्टी. पण त्यावर काचेच्या धाग्यांचं तलम कापड रेझिननं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या गोंदानं, चिकटवायचं आणि जास्तीचं रेझिन टिपून घ्यायचं, हे ताईंचं काम. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून टिशूनं टिपत राहायच्या. "जास्त राहिलं तर जड, कमी पडलं तर सुटतं," म्हणायच्या. क्लबात त्यांना कधी नेलं नाही. "मला कुठे ऊन सोसतं," असं त्याच सांगायच्या.

मागच्या वर्षी ताई चार दिवसांच्या आजारात गेल्या. त्यांचा देह घेऊन राजाभाऊ नाशिकला गेले आणि तेराव्यानंतर एकटेच परत आले.

दोघांनी केलेलं शेवटचं विमान तयार होतं. ते उडवायचंच, असं त्यांनी घेतलं मनावर. पण नेताना गाडीच्या दारात शेपटीच्या दोन आडव्या पात्यांपैकी उजवं चेपून मोडलं. डावं शाबूत राहिलं, वजन ब्याण्णव ग्रॅम. उजवं तेवढंच हवं, नाहीतर विमान कलतं.

राजाभाऊंचं पहिलं पातं एकशे एकतीस भरलं. दुसरं एकशे वीस. तिसरं हलकं झालं, तर त्याचं कापडच सुटून हातात आलं.

"मुग्धा, तिला विचारून ठेवायला हवं होतं गं," ते मला म्हणाले.

"विचारायचं म्हणजे तिला येतं हे आधी मान्य करावं लागलं असतं," मी बोलून गेले. ते पायरीवर बसले. जीभ चावली मी, पण उशीर झाला होता.

नववं पातं ब्याण्णव भरलं. वाकवून पाहिलं, तडकलं नाही.

शुक्रवारी मीही मैदानावर गेले. विमान सरळ उडालं, सरळ उतरलं. क्लबातला श्रीवर्धनचा फहाद शेपटीवरून हात फिरवत म्हणाला, "काका, तुमच्या हाताला तोड नाय."

राजाभाऊंनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "उजवं पातं तेवढं माझं. आयुष्यातलं पहिलंच. आजवरची बाकी सगळी अनुराधानं केली."

फहाद चकित झाला. राजाभाऊंनी क्लबात 'गावी गेलो होतो' एवढंच सांगितलं होतं.

"काय सांगता! मंग पुढच्या शुक्रवारी चाचींना आणा की हितं. सगळ्यांना बघू दे."

राजाभाऊ खाली वाकून शेपटीवरची वाळू पुसू लागले. ताई गेल्याचं शेवटी मीच सांगितलं.