अकरावा संसार

मंदाबाई साळवे धुळ्याच्या एसटी डेपोत कॅशियर होत्या, तेव्हा कंडक्टर लोक त्यांच्या खिडकीशी यायच्या आधी बाहेरच दोनदा पैसे मोजून घेत. बाई कधी कुणावर ओरडल्या नाहीत. चष्म्यावरून नुसतं बघायच्या, आणि समोरच्याला खिशात राहून गेलेली दहाची नोट आपोआप आठवायची. अशी बाई निवृत्त झाली की तिला कुणी स्वस्थ बसू देत नाही. निवृत्तीला महिना व्हायच्या आत चर्चचे पाळक रवींद्र गायकवाड पेढे घेऊन घरी आले आणि बाईंना ख्रिस्ती कुटुंब मंगल संस्थेची खजिनदार करून गेले.

ही संस्था म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि उत्साही माणसं. पण काम खरं होतं. लग्न ठरलेल्या मुलामुलींचे वर्ग घ्यायचे, भांडून वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोचा समेट करून संसार पुन्हा जुळवायचा, हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला जायचं नाही, शाळेजवळच्या दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा करून कलेक्टर कचेरीत द्यायच्या. ते दुकान पुढे खरोखरच हललं, आणि मंडळीतल्या बायकांनी पाळकसाहेबांना हार घातला. संस्थेचं एक श्रद्धापत्रक होतं. कुटुंब ही देवाची देणगी आहे, लग्न एकदाच आणि मरेपर्यंत, घरात रोज एकत्र प्रार्थना व्हावी, असं सगळं त्यात होतं. शेवटची ओळ होती, 'आमची घरे या श्रद्धेची साक्ष आहेत.' दरवर्षी वार्षिक सभेत कार्यकारिणीतल्या प्रत्येकानं त्याखाली सही करायची, असा नियम होता.

मंदाबाईंचा यावर मनापासून विश्वास होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल की बाई मुळातूनच ढोंगी. छे! ढोंग त्यांना जमतच नव्हतं. पाळकसाहेबांनी अमळनेरला जाताना घेतलेल्या चाळीस रुपयांच्या चहाची पावती नव्हती, तर त्यांचंही व्हाउचर बाईंनी परत केलं होतं. "साहेब, तुमच्यावर विश्वास आहे, चहावर नाही," असं म्हणाल्या होत्या. वर्षाचा हिशोब त्या सभेत उभ्यानं वाचायच्या, रिक्षाभाड्यासकट. पुण्याची एक मोठी देणगीदार संस्था या हिशोबावर इतकी खूष होती, की यंदा देणगी दुप्पट करायची बोलणी चालली होती. त्या पैशांत समुपदेशनाची तिसरी खोली उभी राहिली असती.

बाईंच्या अख्ख्या आयुष्यात एकच गोष्ट खोटी होती, ती म्हणजे त्यांचे गुडघे.

त्याचं झालं असं. वृषाली ही त्यांची एकुलती एक लेक. जळगावला दिलेली. जावई हेमराज पाइपच्या कारखान्यात चांगल्या पगारावर, उपासनेत गिटार वाजवणारा. हा हेमराज प्यायला की हात उचलायचा. वृषाली दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा संस्थेनं दोघांना समोर बसवलं, हेमराज रडला, त्यानं माफी मागितली, प्रार्थना झाली, आणि मंदाबाईंनी स्वतः लेकीला जळगावच्या गाडीत बसवलं. तिसऱ्या वेळी, गणपतीच्या सुमारास, ती कुणालाही न सांगता एक पिशवी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसली. या वेळी बाईंनी तिला परत जायला सांगितलं नाही. पण रविवारी मंडळीतल्या बायकांनी विचारलं, "वृषाली कशी काय आली?" तेव्हा खजिनदारबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझे गुडघे फार दुखतात गं. मदतीला आलीय."

झालं! पुढच्या रविवारपासून मंदाबाईंच्या गुडघ्यांसाठी प्रार्थना सुरू झाली. कुणी तेल आणून दिलं, कुणी नाशिकच्या डॉक्टरचा पत्ता दिला. बाई धडधाकट. तरी चर्चच्या तीन पायऱ्या कठड्याला धरून चढायला लागल्या. वृषाली मागून यायची, आईचा हात धरायची आणि खाली मान घालून हसू दाबायची. आठ महिने हे चाललं.

मग एप्रिल आला आणि वार्षिक अहवाल तयार झाला. वृषालीनं एव्हाना पारोळा रोडवरच्या एका दुकानात टायपिंगचं काम धरलं होतं, म्हणून पाळकसाहेबांनी अहवाल तिच्याकडेच पाठवला. संध्याकाळी ती छापील कागद घेऊन घरी आली, आईपुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'या वर्षी संस्थेने जुळवलेले संसार : अकरा.'

"छान आहे की," मंदाबाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी आठ होते."

"अकरावी मी आहे, आई."

मंदाबाईंनी चष्मा काढला. परत घातला.

"यादी मीच टाइप केली ना. वृषाली आणि हेमराज, जळगाव. जुळल्याची तारीख सतरा मे. तू मला गाडीत बसवलंस तो दिवस." एवढं बोलून ती कणीक मळायला गेली.

त्या रात्रीपुरतं बाईंनी काही केलं नाही. सकाळी मात्र कपाट उघडून वर्षाची व्हाउचरं काढली. समेट झाला की बाईला सासरी जायचं गाडीभाडं संस्था द्यायची, आणि त्या व्हाउचरला तिकीट टाचलेलं असायचं. अकरा व्हाउचरं, अकरा तिकिटं, खाली अकरा वेळा मंदाबाईंची सही. पैशाच्या बाजूनं नाव ठेवायला जागा नव्हती. चूक होती ती दुसरीकडेच. बाई गाडीत बसली की संसार जुळला, अशी नोंद व्हायची. पुढे ती पोचली का, राहिली का, हे बघायला कुणी गेलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी काही लपवलं होतं असं नाही. भल्या माणसांना चांगली बातमी लवकर पटते, एवढंच.

डेपोत असताना तपासणी पथक अचानक गाडीत चढायचं आणि एकेकाचं तिकीट बघायचं. बाईंनी तेच करायचं ठरवलं. व्हाउचरांवर पत्ते होतेच.

"गुडघे घेऊन कुठं निघालीस?" वृषालीनं विचारलं.

"तपासणीला," बाई म्हणाल्या आणि अर्ध्या तिकिटावर चार दिवस खानदेश पालथा घातला. नशिराबादला एका नवऱ्यानं बायकोला घेऊन दिलेलं शिलाई मशीन कौतुकानं दाखवलं. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच्या पैशानं एक परकर शिवायला टाकला. पहूरला दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ती दिवाळीपासून माहेरी आहे. आणखी एका घरी नवरा एकटाच होता आणि बाईंच्या नजरेला नजर देत नव्हता. धरणगावला वच्छलाबाई नावाची पस्तिशीची बाई भेटली. तिनं भरीत-भाकरी पुढे केली. "अक्का, आधी जेवी ल्या," म्हणाली. नवरा ओसरीतच बसून होता. कसं चाललंय विचारल्यावर वच्छलाबाई म्हणाली, "बठ्ठं बरं शे, अक्का." सगळं बरं आहे म्हटल्यावर बाईंनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

परत आल्या तेव्हा हिशोब असा होता : आठ बरोबर, दोन चूक, आणि एक स्वतःच्या स्वयंपाकघरात.

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंदाबाई, आकडा खोटा कसा? त्या दिवशी त्या गेल्या होत्या ना सासरी?"

"साहेब, ड्रायव्हरनं गाडी स्टँडवरून काढली म्हणजे ती जळगावला पोचली, असं मी लिहिलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

"पुण्याच्या लोकांनी अकरा आकडा ऐकलाय. खोलीचं काम अडेल." साहेबांचा आवाज खाली आला. "आणि वृषालीचं नाव चारचौघांत निघेल. तुमचंही. शेवटच्या ओळीवर सही कशी करणार मग? लोक म्हणतील, खजिनदाराचंच घर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. माणूस वाईट नव्हता. बाईंची खुर्ची जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि मंदाबाईंनाही वाटत होतं, खोटं कशाला बोला! ती खुर्ची त्यांना प्राणापलीकडे होती. पण त्या दिवशी घरी चालत जाताना त्यांच्या डोक्यात खुर्ची नव्हती. खरं सांगायचं तर आधी लेकीला विचारायला हवं होतं, आणि लेकीला काही विचारायची बाईंना सवयच नव्हती.

वृषाली गच्चीवर कपडे काढत होती. बाई जाऊन उभ्या राहिल्या. "सभेत तुझं नाव घेऊ का?"

वृषालीनं हातातली चादर घडी केली. "मला त्या गाडीत बसवलंस, तेव्हा कुठं विचारलं होतंस? दोन्ही वेळा?"

"नव्हतं विचारलं."

"मी खिडकीतून बघत होते. तू हात हलवत होतीस. मला वाटत होतं, आत्ता म्हणेल, उतर खाली."

मंदाबाई तिथेच कठड्यावर बसल्या आणि रडल्या. नवरा गेला तेव्हाही कुणी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "देवाचं काम करतेय असं वाटलं गं. आणि लोक काय म्हणतील याची भीतीही होती. दोन्ही होतं."

वृषालीनं चादर बाजूला ठेवली, आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "घे नाव. पूर्ण घे. नुसतं 'एक भगिनी' म्हणू नकोस."

सभा रविवारी उपासनेनंतर झाली. साठ-सत्तर माणसं होती. जुळलेल्या संसारांचा सत्कार असायचा, म्हणून बाहेरगावचीही काही आली होती. वच्छलाबाई एकटीच आली होती, नवऱ्याला सुटी नव्हती म्हणे. मंदाबाई उठल्या, कुणाचाही हात न धरता व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या, तेव्हा पुढच्या रांगेतली म्हातारी आनंदानं म्हणाली, "देवाचे उपकार!"

"गुडघ्यांसाठी प्रार्थना केलीत, आभारी आहे," मंदाबाई म्हणाल्या. "पण माझे गुडघे ठणठणीत आहेत. कधी दुखलेच नाहीत. मी खोटं बोलले." मग कागद उलगडून त्यांनी हिशोब वाचला. भाडं, छपाई, वीजबिल, रिक्षा. आवाज रोजचाच होता. "जुळलेले संसार, आठ. छापील अहवालात अकरा आहेत, ते चूक आहे. तीन मोडलेले आहेत. त्यातला एक माझी मुलगी वृषाली साळवे हिचा. नवरा मारत होता, म्हणून ती घरी आली आहे आणि घरीच राहणार आहे. तिला दोनदा परत मी पाठवलं. त्या भाड्याच्या व्हाउचरांवर सही माझीच आहे."

पाळकसाहेब टेबलावरचं श्रद्धापत्रक बघत होते.

"श्रद्धा माझी आजही तीच आहे," बाई पुढे म्हणाल्या. "या सगळ्याखाली मी सही करते. फक्त शेवटच्या ओळीखाली करत नाही. त्यासाठी दुसरा खजिनदार हवा असेल, तर कपाटाची चावी ही इथे ठेवते."

चावी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलली नाही. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाले, "पुण्याला आठच कळवू. खोली पुढच्या वर्षी."

सभा आता मोकळी होणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक खुर्ची सरकली. वच्छलाबाई उभी राहिली होती. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं, पण आवाज स्पष्ट आला.

"अक्का, मी तुमले खोटं सांगेल शे. तो ओसरीमा बशेल व्हता. तो आजून बी मारस. आठ नही, सात लिखा."

कुणीतरी 'अगं' म्हणालं. एका काकांनी खुर्चीतून अर्धवट उठून पाळकसाहेबांकडे पाहिलं, आता प्रार्थना करून सगळं मिटवावं या हिशोबानं. मंदाबाईंनी कागद तसाच सोडला आणि खाली उतरल्या. लगबगीनं, खुर्च्यांमधून वाट काढत, वच्छलाबाईपाशी गेल्या. वृषाली त्यांच्याआधीच तिच्या शेजारी जाऊन बसली होती.

"आकड्याचं राहू दे," मंदाबाईंनी तिचा हात हातात घेतला. "आज धरणगावला परत जायचंय तुला?"

वच्छलाबाईनं आधी पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग वृषालीकडे. एवढ्या माणसांत हा प्रश्न खरंच आपल्यालाच विचारला आहे ना, याची तिला खात्री होत नसावी.

"नही, अक्का," ती म्हणाली. "माले नही जानं."