'लेटेस्ट' लिहिलेली ओळ

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात एका सोमवारी सॉफ्टवेअरचे सगळे भाग जोडून प्रोग्राम तयार करणारं बिल्ड अचानक फेल झालं. शुक्रवारी तोच कोड नीट चालला होता. माझा संशय थेट नागपूरहून नव्याने आलेल्या सहकारी मुलीवर गेला.

"तुम्ही काही बदललंत?"

"नाही."

मला पटलं नाही. तिचे आठवडाभराचे बदल मी गुपचूप तपासले. काही सापडलं नाही.

दुपारी तिनेच मला एक ओळ दाखवली. बाहेरच्या लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, कोणती आवृत्ती घ्यायची, तिथे आकड्याऐवजी 'लेटेस्ट' लिहिलं होतं. रविवारी नवी आवृत्ती आली, बिल्डने ती आपोआप उचलली आणि ती आमच्या कोडशी जुळली नाही. ओळ माझीच होती.

"मला सकाळीच दिसलं होतं," ती म्हणाली, "पण म्हटलं, आधी माझ्या कोडची तुमची तपासणी संपू दे."

मी मान खाली घालून जुना आकडा लिहिला. बिल्ड झालं. सॉरी म्हणायला मात्र मला आणखी दोन दिवस लागले.