व्याह्यांचा पासवर्ड

सोमवार, १६ जून, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. साताऱ्यातील एका कॉलेजच्या प्रयोगशाळेबाहेर, बाकावर, मी माझ्या व्याह्यांशेजारी बसलो होतो. अकरा वाजता त्यांची प्रात्यक्षिकाची फेरपरीक्षा होती. जगातील सर्वांत गुप्तताप्रिय माणसाला पन्नास मिनिटांत एक पासवर्ड उघड करण्यास राजी करायचे, हे काम मुलीने माझ्यावर सोपवले होते.

'सर्वांत' हा शब्द मी जपून वापरतो. विट्यात चौतीस वर्षे गणित शिकवले; अतिशयोक्तीची सवय नाही. व्याही उंब्रजचे. लष्कराच्या संदेशवहन विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि सत्तावन्नाव्या वर्षी सायबर सुरक्षा, क्लाउड व नेटवर्किंग या विषयांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचले. त्यांच्या घरी नुसती बेल वाजवून आत जाता येत नाही. एकदा मी दाराबाहेरून माझे नाव सांगितले, तर आतून उत्तर आले, "आवाज काय, आजकाल मशीनबी काढतंय. लग्नात दुसरी भाजी कोणची हुती, सांगा." मी वांगे म्हणालो. दार उघडले. मी एक पाय आत टाकला, तोच स्वयंपाकघरातून विहीणबाईंचा आवाज आला, "वांगं कुठलं? दोडका हुता!" व्याह्यांनी मला नम्रपणे बाहेर घेतले, दार लावले आणि पुन्हा विचारले. मी दोडका म्हणालो. मग चहा उत्तम मिळाला.

वर्गात ते पहिल्या बाकावर बसत. शिक्षक त्यांच्या मुलाच्या वयाचे. ते आत आले की व्याही ताडकन उभे राहून "जय हिंद, सर" म्हणत. महिन्याभरात सगळा वर्ग उभा राहू लागला आणि शिक्षक वेळेवर येऊ लागले. शिकलेले सगळे ते संध्याकाळी विहीणबाईंना समजावून सांगत. क्लाउड त्यांनी असा सांगितला: "पूर्वी घरोघरी गुऱ्हाळ हुतं. आता ऊस कारखान्याला घालतो, व्हय का न्हाई? तसंच हाय. मशीन त्येंची, शेड त्येंची, आपुन वापरू तेवढंच आपलं." विहीणबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आन ऐन हंगामात कारखाना बंद पडला मंजी?" व्याह्यांनी हा प्रश्न वहीत उतरवला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारला. शिक्षकांनी त्यावर दोन तास घेतले. विहीणबाईंना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग फी अर्धी करा म्हणावं, एक डोकं घरचं हाय."

ते शिकायला का गेले, हे सांगितले पाहिजे. लग्नानंतर माझ्या मुलीला पुढे शिकायचे होते. भावकीत कुजबूज सुरू झाली: तरणी सून रोज एकटी साताऱ्याला जाणार? व्याह्यांनी कुणाशी वाद घातला नाही. ट्रंकेतून स्वतःचे बारावीचे प्रमाणपत्र काढले आणि कॉलेजच्या प्रवेशयादीत तिच्या नावाखाली आपलेही नाव घातले. भावकीला म्हणाले, "आता एकटी कुठं हाय? मी हाय की वर्गात." तीन वर्षे दोघे एकाच मोटारसायकलवरून गेले. मुलगी माझ्या घरी असती, तर मी तिची फी भरली असती. वर्गात जाऊन बसलो नसतो.

आणि याच माणसाने तिला नापास केले होते. प्रात्यक्षिक जोडीने करायचे असते. गुण दोघांना सारखे. एप्रिलमध्ये दोघांनी मिळून नेटवर्क उभे केले, ते निर्दोष चालले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तपासण्यासाठी पासवर्ड विचारला. व्याही म्हणाले, "माफ करा सर. सांगता येणार न्हाई."

"मी परीक्षक आहे."

"आसाल. पर पासवर्ड सांगायचा नसतो, हे पयल्याच धड्यात हाय."

पासवर्ड त्यांनी सुनेलाही सांगितला नव्हता. दोघांना शून्य मिळाले. मुलगी वर्गात पहिली होती. या विषयात अडकली, तर एम.एस्सी.चा प्रवेश जाणार होता. मुलीच्या बापाने व्याह्यांना जाब विचारायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. मी दोन महिने काहीही बोललो नाही. ते सोपे नव्हते.

त्या बाकावर मात्र बोलावे लागले. "पाव्हणं, पोरीचं वर्ष आहे."

"ठाव हाय मला." त्यांचा चेहरा उतरला होता. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई. पर जीभच वळत न्हाई वो. अठ्ठावीस वर्सं हेच केलं. सायबानं विचारलं तरी सांगायचं न्हाई, हीच परीक्षा आसायची."

मी घड्याळ पाहिले. साडेदहा झाले होते. मुलगी समोर उभी होती. तिने सासऱ्यांना एका शब्दाने दुखावले नव्हते. मी विचारले, "पहाऱ्यावर परवलीचा शब्द कोण ठरवत असे? तुम्ही?"

"छ्या! साहेब ठरवायचं."

"मग इथले साहेब कोण?"

त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराकडे पाहिले. मग गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "आरं तिच्या! परीक्षकानंच ठरवायचा. मी ऐकायचाच न्हाई!"

"आबा, एवढंच एप्रिलमध्ये सुचलं असतं तर?" मुलगी म्हणाली.

"तवा तुझा बा हितं नव्हता."

साडेबारा वाजता परीक्षक स्वतः बाहेर आले. म्हणाले, "तुमचे व्याही विलक्षण आहेत. मला नवा पासवर्ड ठेवायला लावला आणि मी तो टाकेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सुनेलाही उभे केले." दोघे उत्तीर्ण झाले. मी आभार मानले. मुलगी हसत होती. मला तिच्याकडे फार वेळ पाहता आले नाही.

दुपारी कार्यालयातून एम.एस्सी.चे दोन अर्ज घेतले. व्याह्यांनी मुलीच्या अर्जावर पालकाच्या रकान्यात सही केली, जशी ती तीन वर्षे करत आले होते. मग स्वतःचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "पाव्हणं, हितं तुमची सही."

"तुमचा पालक मी?"

"सकाळी बाकावर कोण हुतं मग?"

मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा आहे. सही केली. 'विद्यार्थ्याशी नाते' या रकान्यात 'व्याही' असे स्वच्छ अक्षरात लिहिले. दोन्ही अर्ज जुळवले, टाचणी लावली आणि खिडकीतून आत दिले.