काळ्या पट्ट्याचं वय

प्रयोगशाळेच्या तळघरात क्रशर चालवणाऱ्या माणसाला सगळे फोडकाका म्हणत. आलेले दगड दळून वाळू करायची, ती चाळायची, धुवायची, हे त्याचं काम. त्याआधी सोळा वर्षं तो एका खाणीत सुरुंग लावत होता. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. नोकरीही तिथेच गेली, कारण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. एके दिवशी त्याने फोरमनचा जबडाच मोडला. धाकटा भाऊ मात्र टिकला आणि पुढे त्याच खाणीचा मुकादम झाला.

प्रयोगशाळेत दगडांचं वय काढणाऱ्या एक बाई होत्या. एकदा त्यांनी काकापुढे नकाशा पसरला. बशीसारखा गोल खोलगट भाग, आणि त्याच्या काठावर ती खाण.

"इथे उल्का आदळली असावी. दगड वितळून काळा पट्टा तयार झाला असणार. पण कधी, ते कुणालाच माहीत नाही."

"पट्टा मी बघितलाय," काका म्हणाला. "उत्तरेच्या कड्यात. काचेसारखा तुटतो मेला. भोकं पाडताना आम्ही त्याला शिव्या घालायचो."

सरकारी परवानगीचं पत्र घेऊन दोघं सकाळी दहाच्या जरा आधी खाणीवर पोचले. पण ही माणसं खाण बंद पाडायला येताहेत, असं मालकाने कामगारांच्या मनात भरवून ठेवलं होतं. कड्याखालच्या वाटेत पंधरा-वीस जण पहारी घेऊन उभे. सगळ्यांत पुढे धाकटा.

"दादा, आल्या पावली परत जा. कड्यात सुरुंग भरून ठेवलाय, दहाला उडवायचाय."

"दोन पोती दगड उचलतो आणि जातो. तुझं काय जातंय?"

"दोनशे घरांच्या चुली जाताहेत!"

बाईंनी पत्र पुढे केलं, तेवढ्यात मागून कुणीतरी दगड भिरकावला. त्यांचं कपाळ फुटलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. काकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर जो आला त्याला त्याने डोक्याने धडक दिली, दुसऱ्याच्या पोटात गुडघा घातला. धाकट्याची पहार त्याच्या बरगड्यांवर बसली. आतून कडकन आवाज आला. तरी काकाने त्याला खाली पाडलं, छातीवर बसला आणि कमरेचा हातोडा काढला.

"दादा!" धाकटा ओरडला.

हातोडा खाली आला. डोक्यावर नाही, पहार धरलेल्या मनगटावर. मनगटाचा चुराच झाला.

आणि तेव्हाच दहाचा भोंगा झाला. वरच्या केबिनमधून सुरुंग उडवणाऱ्या माणसाला खाली काय चाललंय याचा पत्ता नव्हता. कड्याखालून माणसं हटवायचं काम मुकादमाचं, आणि मुकादम जमिनीवर लोळत होता. बाकीचे जीव मुठीत घेऊन पळाले. काकाने एका हाताने भावाची कॉलर धरली, त्याला फरफटत जवळच उभ्या असलेल्या लोडर यंत्राखाली ओढलं. बाई आधीच तिथे शिरल्या होत्या.

जमीन उसळली. लोखंडावर दगडांचा मारा झाला. एक धोंडा लोडरचं चाक फाडून गेला. मग नुसती धूळ. कानांना दडे बसलेले. शेजारी धाकटा तोंड वासून ओरडत होता, पण काकाला काही ऐकू येत नव्हतं.

धूळ बसली तेव्हा सगळा पट्टा फुटून खाली पडलेला. रक्ताने चिकटलेली पापणी उघडत बाईंनी काळे तुकडे पोत्यात भरले. काकाने भावाला पाठीवर घेतलं आणि तुटक्या बरगड्यांनिशी गाडीपर्यंत नेलं. वाटभर धाकटा त्याला शिव्या देत होता.

बरगड्या सांधायला दोन महिने गेले. मग काकाने आधीच्या दगडाचा एकही कण राहू नये म्हणून क्रशर ब्रशने दोनदा घासला आणि तुकडे दळले. धुऊन उरलेल्या चिमूटभर वाळूतून बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली झिर्कॉन या टिकाऊ खनिजाचे कण सुईने वेचले.

"यात युरेनियम असतं," त्यांनी सांगितलं. "ठरलेल्या गतीने त्याचं शिसं होत राहतं. उल्का आदळली तेव्हाच्या उष्णतेत जुनं शिसं निसटून गेलं आणि मोजणी नव्याने सुरू झाली."

"सगळं निसटलं?"

"नाही. काही कणांच्या गाभ्यात जुनं तसंच राहिलंय. कड मात्र नवी."

वय निघालं छत्तीस कोटी वर्षं, वीस लाख इकडे-तिकडे. खाण चालूच राहिली. दगड मारणारा कोण, ते कुणी सांगितलं नाही. धाकट्याचं मनगट मात्र कायमचं आखडलं आणि मुकादमी दुसऱ्याकडे गेली.

काका एका दुपारी त्याच्याकडे गेला. धाकट्याने दार उघडलं आणि डाव्या हाताने सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. काकाने हात उचलला नाही. दोन वर्षांचा असल्यापासून हा धाकटा त्याच्याच खांद्यावर वाढला होता.

"मला वाटलं, डोक्यात घालतोयस," धाकटा म्हणाला.

"घालणारच होतो."

आतून भावजयीने विचारलं, "कोण आलंय?"

धाकटा दारातून बाजूला झाला.

"दादा आलाय. पाणी आण."