आक्काच्या गोळ्या

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आक्का आमच्याकडे राहायला येऊन आठ वर्षं झाली होती. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सातवीत होते आणि ती अठराची. माझी वेणी घालण्यापासून माझं लग्न लावण्यापर्यंत सगळं तिनं केलं, मग स्वतः बोहल्यावर चढली. तिचा नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. तो खंगत गेला आणि त्याच्या आजारपणात कळलं, त्याला एचआयव्ही आहे. मग तिचं रक्त तपासलं. तिलाही होता. तो गेल्यावर दिवस झाले त्याच आठवड्यात सासरच्यांनी तिची पेटी दाराबाहेर ठेवली. मी रिक्षा करून तिला घेऊन आले. मी आणलं म्हणून तू आहेस, हे मी तिला नंतर किती वेळा ऐकवलं त्याची गणती नाही.

जुळे सोलापुरात आमचं तीन खोल्यांचं घर. मी एका शाळेत क्लार्क. आक्कानं मागच्या गॅलरीत शिलाई मशीन मांडलं आणि शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली. कापलेल्या कापडाचे गठ्ठे यायचे, ती दिवसभर शर्टांच्या कॉलरी लावत बसायची. तिचं ताट, पेला आणि साबण मी वेगळं ठेवलं होतं. ताटापेल्यानं हा आजार होत नाही, असं सांगणारं पोस्टर आमच्या शाळेच्या व्हरांड्यात होतं. ते खिळे ठोकून मीच लावलं होतं.

सरकारी दवाखान्यात जिथं एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं पहिल्यांदा मी तिच्याबरोबर गेले. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. "यांना कावीळ बी पण आहे. हिपॅटायटिस बी," त्या म्हणाल्या. "अशा दोन्ही असणाऱ्यांच्या लिव्हरला धोका जास्त असतो. पण या एकाच गोळीत दोन्हींवरचं औषध आहे. ती बंद झाली तर एचआयव्ही सावकाश डोकं वर काढेल, बी मात्र लिव्हरवर एकदम उठू शकते. तेव्हा एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी बी तपासून घ्या, नसेल तर लस घ्या."

मी हो हो म्हटलं. घरी येऊन कुणाचंही रक्त तपासलं नाही. मुलीला काय सांगणार होते? आक्काच्या गोळ्या ब्लडप्रेशरच्या आहेत, असं मी तिला सांगितलेलं होतं. खरं काय ते फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं, आणि तो या विषयावर तोंड उघडत नसे.

आक्कानं आठ वर्षांत एक गोळी चुकवली नाही. तिचं वजन वाढलं, केसांना पुन्हा चमक आली. बघणाऱ्याला आजारी मीच वाटले असते.

मुलगी सासरच्यांना पसंत पडली आणि मला घोर लागला. लग्नाआधी त्यांच्याकडच्या बायका खरेदीला येणार होत्या, मुक्कामी राहणार होत्या. आक्का दिसली की विचारणार, ही इथं का? हिचा नवरा कशानं गेला? मी ठरवलं, लग्न होऊन सगळं निवेपर्यंत तिला मंगळवेढ्याकडं, आमच्या आत्याच्या गावी पाठवायचं. दोन महिन्यांचा प्रश्न होता.

आक्कानं मुलीचे सगळे ब्लाउज तेवढे शिवून संपवले आणि पिशवी भरायला घेतली. मी उभी राहून बघत होते. तिनं साड्यांच्या घडीत गोळ्यांच्या दोन बाटल्या ठेवल्या. मी त्या बाहेर काढल्या.

"आत्याची सून गावची आशा सेविका आहे," मी म्हटलं. "दवाखान्यात जाऊन-येऊन असते. बाटली बघितली की ओळखेल. गावभर होईल, आणि गावातनं इकडं यायला किती वेळ लागतो?"

"मग दुसऱ्या डबीत घालून नेते की."

"गोळी ओळखते ती."

"अगं, पण मला सांगितलंय..."

"दोन महिन्यांनी काही होत नाही. एवढी ठणठणीत आहेस तू. तुझ्यापायी पोरीचं मोडलं तर?"

तिनं साड्यांची विस्कटलेली घडी पुन्हा सारखी केली. मग म्हणाली, "राहू देत मग." मी बाटल्या कपाटात खालच्या कप्प्यात टाकल्या. माझ्या समोर बसून त्या बाईंनी काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. विसरले असते तर आज काहीतरी म्हणता आलं असतं.

लग्न थाटात झालं. आक्काला मी बोलावलं नाही. सकाळी तिचा फोन आला होता, उचलायला सवड नव्हती.

आठ दिवसांनी आत्याचा फोन आला. "आगं, हिचं डोळं पिवळं धम्मक झाल्यात. जेवान बघितलं की उलटी येतीया. हितं एक बाबा काविळीचा पाला देतोय, लई गुण हाय म्हणत्यात. न्यू का?"

"न्या की," मी म्हणाले.

मग सुनेनं फोन घेतला. "ताई, त्यांना आधीपासनं काही गोळ्या चालू होत्या का? विचारलं तर सांगत नाहीत."

आहेरात आलेल्या साड्यांच्या घड्या घालत मी त्याच कपाटासमोर बसले होते. "नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

आक्कानं अकरा दिवस पाला खाल्ला. बाराव्या दिवशी तिला माणसं ओळखू येईनात तेव्हा सुनेनं कुणाला न विचारता तिला जीपमध्ये घातलं आणि सोलापूरला दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा ती थोडी शुद्धीवर होती. हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती. तरुण डॉक्टर मुलीनं जुने कागद कॉम्प्युटरवर शोधून काढले होते. तिनं आधी सुनेला बाहेर थांबायला सांगितलं आणि मग आमच्याकडं वळून चिडून विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी आक्काच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला लागले.

"मीच," आक्का म्हणाली. "न्यायच्या विसरले."

डॉक्टर मुलीनं मला बाहेर नेऊन सांगितलं, बी उठलीय, लिव्हर जवळजवळ थांबलंय, गोळी पुन्हा सुरू केलीय पण उशीर झालाय. दोन दिवसांनी आक्का बरळायला लागली. सारखी माझा पदर ओढायची आणि मोठ्यानं म्हणायची, "गोळी दे की आता. पाहुणे गेले न्हवं?" शेजारच्या खाटेवरच्या बायका वळून बघायच्या. नर्स म्हणाली, "काय मागताहेत?" मी म्हटलं, "काही नाही, भ्रमात बोलतेय." आणि तिचे हात पदरातून सोडवून घेतले.

चौथ्या दिवशी ती गेली. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. मला बरं वाटलं, की लोकांना सांगायला कावीळ आहे. काविळीनं गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं.

वर्षभरानं मुलीला दिवस गेले. गरोदरपणातल्या पहिल्याच तपासणीनंतर विहीणबाईंचा फोन आला. "हिच्या रक्तात कावीळ बी निघालीय. एचआयव्ही वगैरे काही नाही, बाकी सगळं चांगलं आहे." आता घेऊन जा म्हणतील, असं वाटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका. आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं, लस घेतोय. बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शनं देतात म्हणे, मग भीती फार राहत नाही. तिला तेवढं धीर द्या, सारखी रडतेय." याच बाईंच्या भीतीनं मी आक्काच्या पिशवीतून बाटल्या काढल्या होत्या.

त्यांच्या आग्रहानं मी तपासणी करून घेतली. मला कावीळ बी होती. बहीण काविळीनं गेली हे ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "तुमची आई कशानं गेली?"

"पोटात पाणी झालं होतं."

"मग आईकडूनच आली असणार, जन्माच्या वेळी. तुमच्या बहिणीलाही तशीच. आणि तुमच्याकडून मुलीला." ते लिहिता लिहिता सांगत होते. "सहा महिन्यांनी दाखवत राहा."

रिपोर्ट मी फाडून पर्समध्ये कोंबला.

आठव्या महिन्यात मुलगी बाळंतपणाला आली. एका दुपारी कपाट आवरताना तिला आक्काचे दवाखान्याचे कागद सापडले. ते हातात घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशीला एचआयव्ही पण होता आणि बी पण होती? तू शाळेत गेलीस की आम्ही दोघी एका ताटात जेवायचो, माहीत आहे तुला? तिनंच दिली मला ही."

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "असेल."

"तिला घरात ठेवायलाच नको होतं तू. आणि तुझा रिपोर्ट काय आला?"

"माझा चांगला आला."

ती बाहेरच्या खोलीत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला म्हणून मी मागं गेले, तर ती भिंतीवरचा आक्काचा फोटो काढायला वर चढत होती. पोट पुढं आलेलं, पडली असती. मी तिला दंडाला धरून खाली उतरवलं.

"थांब, मी काढते," मी म्हणाले. आणि काढला.